कांजिण्यांना कायम आणि कंत्राटी कळत नाही

कांजिण्या म्हणजे पोरांचा आजार, येतो आणि जातो, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला आल्या तर बहुतेक वेळा तसेच होते. पण त्याच कांजिण्या रुग्णालयात काम करणाऱ्या तिशीतल्या सिस्टरला, प्रसूती वॉर्डातल्या मावशीला किंवा केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्या मुलाला झाल्या, तर प्रश्न एका माणसाच्या खाजेपुरता राहत नाही. तिथे गरोदर बाया असतात, दोन दिवसांची बाळे असतात, कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी हा आजार जिवावरचा ठरू शकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आणि आसपास राहणाऱ्या आपल्या समाजातली बरीच माणसे सरकारी आणि खासगी दवाखान्यांत कामाला आहेत. कोणी नर्स आहे, कोणी वॉर्डबॉय, कोणी सफाईला, कोणी धुलाईला, कोणी रुग्णवाहिकेवर. अनेक जण ठेकेदारामार्फत लागलेले आहेत. कांजिण्यांपासून या सगळ्यांचे आणि त्यांच्या हातून सेवा घेणाऱ्या रुग्णांचे रक्षण कसे करायचे, ते आम्ही या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत.

कांजिण्या पसरतात कशा?

कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्णाच्या खोकल्या-शिंकेतून आणि अंगावरच्या पाण्याच्या फोडांतून तो बाहेर पडतो. ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, अशा माणसाने रुग्णासोबत एका खोलीत पंधरा मिनिटे काढली किंवा समोरासमोर बसून बोलणे केले, तरी लागण होऊ शकते. एका घरात एकाला कांजिण्या झाल्या की घरातल्या असुरक्षित माणसांपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना त्या होतात. इतका हा आजार संसर्गजन्य आहे.

खरी अडचण वेळेची आहे. अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो. त्या दिवसांत त्याला फार तर कणकण वाटते. तो कामावर येतो, रुग्णांना उचलतो, बाळाला दुपट्यात गुंडाळतो. फोड दिसेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. फोड आल्यावर सगळ्यांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, संसर्ग चालू राहतो. म्हणून ‘फोड आले की सुटी देऊ’ एवढ्यावर रुग्णालयाचे भागत नाही. कोण सुरक्षित आहे आणि कोण नाही, हे आधीच माहीत असावे लागते.

आपल्याकडे कांजिण्यांची साथ साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जास्त दिसते. कर्जत तालुक्यात भीमा आणि सीनेच्या पट्ट्यात ऊसतोडीचा हंगामही याच सुमारास भरात असतो. कोप्यांमध्ये दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, एका गावाहून दुसऱ्या गावाला होणारी ये-जा, अंगावर पिणारी मुले. अशा ठिकाणी एका पोराला कांजिण्या झाल्या की त्या कोपी-कोपीने फिरतात. त्यातलेच एखादे मूल तापाने फणफणले की आई त्याला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहते. रांगेत तिच्या पुढे सात महिन्यांची गरोदर बाई असू शकते. आणि खिडकीच्या आत बसलेल्या मुलाने लस घेतली आहे की नाही, हे त्याच्यासकट कोणालाच ठाऊक नसते.

मोठ्यांना धोका जास्त का?

थंड हवेच्या देशांत, लस येण्याच्या आधी, जवळपास सगळ्यांना लहानपणीच कांजिण्या होऊन जायच्या. उष्ण प्रदेशांत चित्र वेगळे आहे. इथे बऱ्याच लोकांना लहानपणी हा आजार होतच नाही आणि ते मोठेपणी असुरक्षितच राहतात. म्हणून भारतातला एखादा वॉर्डबॉय किंवा नर्स ‘या वयात मला काय होणार’ असे म्हणत असेल, तर ते गृहीत धरता येत नाही.

मोठ्या माणसाला हा आजार जड जातो. ताप जास्त चढतो, फोड जास्त येतात आणि विषाणूमुळे न्यूमोनिया होण्याची भीती असते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना ती अधिक. फोड दिसल्यापासून २४ तासांच्या आत ॲसायक्लोव्हिरसारखे औषध सुरू झाले तर मोठ्यांमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. कांजिण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन मात्र कधीही देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या, तर थोड्या बाळांमध्ये, सुमारे शंभरात एक-दोन किंवा त्याहून कमी, जन्मजात व्यंग राहू शकते. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून ते दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड आले, तर बाळाचा जीव धोक्यात येतो. कारण आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिकारशक्ती बाळाला मिळायला वेळच उरत नाही. अशा बाळांना देण्याचे खास इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. मग धावपळ करत मोठ्या शहराकडे जावे लागते. प्रसूती वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाची प्रतिकारशक्ती तपासणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

‘मला लहानपणी आल्या होत्या’ हे पुरे आहे का?

कांजिण्या एकदा झाल्या की बहुतेकांना त्या पुन्हा होत नाहीत. पण आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? आपल्याकडे गोवर, खरूज, घामोळ्या, किड्याचा चावा या सगळ्यांनाच ‘पुरळ आले होते’ म्हणतात. त्या वेळी डॉक्टरांनी कांजिण्याच म्हणून निदान केले असेल तर ते धरता येते. ‘आई सांगते, काहीतरी आले होते’ एवढ्याला पुरावा म्हणता येत नाही. उलट ‘मला कधीच आल्या नाहीत’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या रक्तात प्रतिकारशक्ती सापडते, कारण त्यांना आजार इतका हलका होऊन गेलेला असतो की कोणाच्या लक्षातच आलेला नसतो.

म्हणून रुग्णालयातला कर्मचारी सुरक्षित आहे असे म्हणायला तीनपैकी एक गोष्ट लागते: लशीच्या दोन डोसांची नोंद, डॉक्टरांनी केलेले निदान, किंवा रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांची चाचणी. यांपैकी काहीच नसेल तर चाचणी करावी किंवा थेट लस द्यावी. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला लस दिली गेली तरी त्याने अपाय होत नाही. लस घेतल्यानंतर मात्र पुन्हा रक्त तपासण्याची गरज नाही. बाजारातल्या नेहमीच्या चाचण्यांना लशीमुळे आलेली प्रतिकारशक्ती पुष्कळदा दिसत नाही आणि उगाच घोळ होतो. दोन डोसांचे कार्ड हाच पुरावा.

आणखी एक गैरसमज आम्हाला नेहमी ऐकू येतो: ‘लहानपणी सरकारी लसी सगळ्या झाल्यात.’ सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची नाही. ती खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणजे ज्याच्या आई-बापाच्या खिशात तेव्हा पैसे होते, त्याचे पोर आज सुरक्षित. आपल्या वस्त्यांतून आलेली बहुतेक मुले त्यात बसत नाहीत.

लस कोणती, कोणाला, कशी?

ही लस जपानचे डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांनी तयार केली. १९६४ मध्ये त्यांच्या लहानग्या मुलाला कांजिण्यांनी फार त्रास झाला आणि त्यांनी या विषाणूच्या मागे लागायचे ठरवले. १९७४ मध्ये त्यांनी लशीची माहिती प्रसिद्ध केली. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातून घेतलेला विषाणू कमजोर करून ती बनवली, म्हणून आजही त्या वाणाला ‘ओका’च म्हणतात. अमेरिकेत १९९५ पासून ती दिली जाते. म्हणजे ही लस नवीन किंवा प्रयोगातली नाही.

१३ वर्षांवरील प्रत्येकाला दोन डोस लागतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने. मोठ्या माणसांत एका डोसाने सुमारे ७८ टक्के लोकांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होते, दोन डोसांनंतर ती सुमारे ९९ टक्के लोकांमध्ये दिसते. त्यामुळे ‘एक घेतला, झाले’ म्हणून थांबू नये. टोचलेल्या जागी दुखणे, थोडा ताप, क्वचित दोन-चार बारीक पुळ्या एवढाच त्रास बहुतेकांना होतो. लशीनंतर अंगावर पुळ्या आल्या तर त्या जाईपर्यंत गरोदर, नवजात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांपासून दूर राहावे.

यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. म्हणून गरोदर स्त्रीने ही लस घेऊ नये आणि लस घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर लगेच टोचावी लागते. म्हणून ती शीतसाखळी नीट सांभाळणाऱ्या ठिकाणीच घ्यावी.

संपर्क आला तर पुढे काय?

संपर्क आल्यापासून आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. यावरून रुग्णालयाचा हिशेब ठरतो. असुरक्षित कर्मचाऱ्याला संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवावे लागते. समजा संपर्क १ मार्चला आला, तर ९ ते २२ मार्च असे १४ दिवस. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो, म्हणून त्या दिवसांत हातावर हात ठेवून बसू नये. ज्याचे दोन डोस पूर्ण आहेत त्याला घरी बसवावे लागत नाही. रोज ताप आणि पुरळ तपासून त्याला कामावर ठेवता येते.

कांजिण्यांच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत, दार बंद आणि बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून ठेवावे. त्याच्याकडे सुरक्षित कर्मचाऱ्यांनीच जावे. हा आजार हवेतून जातो, त्यामुळे तोंडाला साधा मास्क बांधला म्हणून असुरक्षित माणसाला आत पाठवता येत नाही.

चौदा दिवसांची मजुरी कोण देणार?

लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यासाठी सगळी गोष्ट येऊन थांबते ती इथे. कायम नोकरीतल्या सिस्टरला १४ दिवस घरी बसवले तर तिची रजा जाते. ठेकेदाराच्या हाताखालच्या मावशीला बसवले तर तिची चूल बंद होते. मग ती काय करणार? ‘माझा संपर्कच आला नाही’ म्हणणार आणि कामावर येणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याची किंमत चौदा दिवसांची उपासमार आहे, तिथे खरे कोणी बोलत नाही आणि त्याची किंमत पाळण्यातले बाळ मोजते.

हिशेब करून पाहू. रोज ४०० रुपये धरले तर १४ दिवसांचे ५,६०० रुपये होतात. लशीच्या एका डोसाला सुमारे दोन हजार रुपये लागतात, म्हणजे दोन डोसांचे चार हजार. एका मावशीला एकदा घरी बसवण्यापेक्षा तिला लस देणे स्वस्त पडते. त्यात तिला आजार झाला, वॉर्डात पसरला आणि दहा जणांना घरी बसवावे लागले, तर तो खर्च वेगळाच.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि त्या कामातल्या ‘इतरां’नाही, कचऱ्यातून पसरू शकणाऱ्या हेपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह अन्य आजारांविरुद्ध लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कांजिण्यांचे नाव त्यात नाही. पण लशीच्या बाबतीत कायम आणि कंत्राटी असा भेद करायचा नाही, हे तत्त्व त्या नियमाने मान्य केले आहे. तेच तत्त्व कांजिण्यांना लावायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या आपल्या भूमिकापत्रात, जिथे गंभीर कांजिण्यांचा धोका असलेल्या रुग्णांशी थेट संबंध येतो तिथे असुरक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांना दोन डोस देण्याचा विचार करावा, असे सांगितले आहे. आपल्या मुली नर्सिंग शिकून इंग्लंडला नोकरीला जातात, तेव्हा तिथली रुग्णालये कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा मागतात. तोच प्रश्न तिला इथे, तिच्या गावच्या दवाखान्यात, कोणी का विचारू नये?

ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांना पात्रतेच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात आहे का, हे प्रत्येकाने आजच पाहून घ्यावे. पण संपर्कानंतर घरी बसवलेला माणूस आजारी नसतो. त्याच्या मजुरीचा निर्णय रुग्णालयाने आणि ठेकेदाराने आधीच लेखी करून ठेवायला हवा.

इतिहास काय सांगतो?

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, त्यांना मरण आले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. लस नुकती जन्मत होती आणि ती सावित्रीबाईंपर्यंत पोहोचली नव्हती. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण जिथे लस अर्धशतकापासून आहे, तिथे सफाई कामगाराकडून तसाच त्याग मागणे ही सेवा नाही, हा निष्काळजीपणा आहे.

दुसरी गोष्ट सोमालियाची. १९७७ मध्ये मर्का शहरातल्या रुग्णालयात अली माओ मालीन नावाचा तरुण स्वयंपाकी होता. देवीच्या रुग्णांना घेऊन आलेल्या गाडीला वाट दाखवायला तो थोडा वेळ त्या गाडीत बसला. पुढे त्याला ताप आला, तो मलेरिया समजला गेला. पुरळ आले, त्याला कांजिण्या म्हटले गेले. ती देवी निघाली. नैसर्गिकपणे देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस. देवी निर्मूलनाच्या मोहिमेतही त्याने काम केले होते, पण त्याच्या स्वतःच्या अंगात लशीचे संरक्षण नव्हते. तो वाचला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत राबला. साऱ्या जगाचे लक्ष देवीवर असताना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला माणूस लशीवाचून राहून गेला होता.

देवी, नागीण आणि अंधश्रद्धा

कांजिण्या म्हणजे कोणाचा कोप नाही. गोवर, देवी आणि कांजिण्या हे तीन वेगवेगळ्या विषाणूंचे आजार. कडुलिंबाचा पाला अंथरल्याने आजार जात नाही, अंघोळ बंद केल्याने फोड चिघळण्याची शक्यता मात्र वाढते. कोमट पाण्याने अंघोळ घालावी, नखे कापावीत, फोड खाजवू देऊ नयेत.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि पुढे वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर नागिणीच्या रूपाने उठतो. ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो’ ही भीती निराधार आहे. पण नागिणीच्या फोडांतून असुरक्षित माणसाला कांजिण्या होऊ शकतात, हे खरे आहे. म्हणून नागीण झालेल्या कर्मचाऱ्याने फोड झाकावेत आणि सुकेपर्यंत नवजात बाळांच्या व गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात जाऊ नये.

आपण काय करायचे?

रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येक बंधू-भगिनीने आपल्या कांजिण्यांबद्दल तीन ओळी लिहून ठेवाव्यात: झाल्या होत्या का, निदान कोणी केले, लस कधी घेतली. ज्या तरुणींचे लग्न ठरले आहे किंवा ज्यांना मूल हवे आहे, त्यांनी दिवस राहण्याच्या आधी दोन्ही डोस पूर्ण करावेत.

कामगारांच्या संघटनांनी आणि रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या आपल्या प्रतिनिधींनी तीन मागण्या लेखी द्याव्यात. पहिली, कामावर घेतानाच प्रत्येकाची नोंद व्हावी, त्यात स्वयंपाकी, पहारेकरी, धुलाईवाले आणि कंत्राटी सफाई कामगारही असावेत. दुसरी, असुरक्षितांना दोन डोस मोफत मिळावेत. तिसरी, संपर्कामुळे घरी बसवल्यास मजुरी कापली जाऊ नये आणि ही अट ठेकेदाराच्या करारातच घालावी.

सुरुवात प्रसूती वॉर्डापासून करता येईल. तिथल्या मावशींची, सिस्टरांची आणि मामांची यादी एका पानावर मावते. त्या पानावर कोणाच्या नावापुढे कार्ड आहे आणि कोणाच्या नाही, एवढे या आठवड्यात पाहून घेतले, तरी जानेवारीच्या साथीआधी दोन्ही डोस पुरे करायला वेळ मिळतो.